‘मी लय भारी हाय’ म्हटलं तरी मन काऊन ऐकत नाही?

अमरावती असो, अकोला असो, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर असो, नाहीतर पुण्यात रूम करून राहणारी आपली वऱ्हाडातली पोरं-पोरी असोत, सगळ्यांचं मनापासून स्वागत. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, बसमध्ये नेट जातं किंवा इयरफोनचा एक कान बंद पडलाय, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय. सवडीने वाचा.

आजचा विषय तुमच्या मोबाईलमध्ये रोज येतो. सकाळी रील उघडली की कुणीतरी सांगतं, ‘आरशासमोर उभे राहा आणि 21 दिवस म्हणा, मी यशस्वी आहे, मी श्रीमंत आहे, जग माझ्यावर प्रेम करतं.’ याला म्हणतात पॉझिटिव्ह अफर्मेशन. म्हणजे स्वतःबद्दलचं एक चांगलं वाक्य, पुन्हा पुन्हा स्वतःला ऐकवायचं.

हे खरंच कामी येतं का? आणि येत असेल तर माझ्याच्यानं काऊन नाही झालं? हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला. म्हणून आज जरा नीट उलगडून पाहू.

मेसमधली पोळी

आधी माझी गोष्ट सांगतो. बारावी झाली आणि मी पुण्याला शिकायला गेलो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये वाढणाऱ्या काकांना म्हटलं, ‘काका, मले अजून एक पोळी द्या.’ बाजूच्या टेबलावरची पोरं हसली. एकाने ‘मले, मले’ करून नक्कल केली. त्यांच्यासाठी दोन मिनिटांची गंमत होती. मी मात्र पुढचे दोन महिने वर्गात तोंड उघडलं नाही. शंका असायची, हात वर जायचा नाही. बोलायच्या आधी डोक्यात वाक्य तपासायचो, ‘मले’चं ‘मला’ करायचो, तोपर्यंत सर पुढच्या धड्यावर गेलेले असायचे.

मग कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं आणि आरशावर चिठ्ठी चिकटवली: ‘मी आत्मविश्वासाने भरलेला आहे. सगळ्यांना मी आवडतो.’ रोज सकाळी दहा वेळा म्हणायचो. चौथ्या दिवशी आतून आवाज आला, ‘खोटं कायले बोलतं बे? काल कोण बोललं तुह्याशी?’ आठव्या दिवशी चिठ्ठी काढून टाकली. आणि वाईट याचं वाटलं की आता दोन गोष्टींत नापास झालो. आत्मविश्वास तर आला नाहीच, आत्मविश्वास आणायचा साधा उपाय पण जमला नाही.

तुमच्यासोबत असं झालं असेल, तर आधी एक गोष्ट ऐका. दोष तुमचा नव्हता, त्या वाक्यात गडबड होती.

आत्मसन्मान म्हणजे नेमकं काय?

दोन शब्द वेगळे करून घेऊ. आत्मविश्वास म्हणजे ‘हे काम मला जमेल’ असं वाटणं. ते कामागणिक बदलतं. एखादा क्रिकेटमध्ये वाघ असतो आणि स्टेजवर माइक हातात दिला की त्याचे पाय कापतात. आत्मसन्मान म्हणजे सेल्फ-एस्टीम, म्हणजे एकूण माणूस म्हणून मी स्वतःला काय किंमत देतो. मी हरलो, चुकलो, तरी मी माणूस म्हणून ठीक आहे का?

ही गोष्ट मोजायची कशी, यासाठी मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1965 मध्ये फक्त 10 वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. त्यातल्या प्रत्येक वाक्याशी तुम्ही किती सहमत आहात, ते सांगायचं असतं. जगभरातले संशोधक आजही ती वापरतात. त्यात तुम्ही किती श्रीमंत, किती गोरे, किती टक्केवाले, असं काहीच विचारलेलं नाही. इतरांइतकीच आपली पण किंमत आहे असं वाटतं का, एवढ्याभोवतीच ती प्रश्नावली फिरते.

आता आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. अकोल्यात तोष्णीवाल ले-आऊटच्या भागात नीटची तयारी करणारं पोरगं. दुसरा प्रयत्न, घरच्यांनी फी भरलेली, दर आठवड्याला टेस्टचा रँक भिंतीवर. किंवा अमरावतीत पहाटे मैदानावर पळणारी पोलीस भरतीवाली पोरं. भरती पुढे गेली की लग्नकार्यात एकच प्रश्न, ‘मग, सध्या काय चालू हाय?’ अशा ठिकाणी रँक आणि किंमत एकमेकांत मिसळून जातात. टेस्टमध्ये मार्क कमी पडले की माणूसच कमी पडला असं वाटायला लागतं. अफर्मेशनची खरी गरज इथे आहे. म्हणूनच ते चुकीचं सांगितलं तर त्रास पण इथेच होतो.

20 गाठींची दोरी

हा उपाय रीलवाल्यांनी शोधलेला नाही. शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे एक औषधविक्रेते होते. जन्म 1857, मृत्यू 1926. दुकानात त्यांच्या लक्षात आलं की औषध देताना ‘हे चांगलं लागू पडतं’ असं सांगितलं की गुण लवकर येतो. पुढे नान्सी या गावात ते लोकांना एक छोटं वाक्य शिकवायचे. अर्थ असा की मी दिवसेंदिवस सगळ्या बाजूंनी सुधारत चाललोय. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना 20-20 वेळा हळू आवाजात म्हणायचं. मोजायला 20 गाठींची दोरी. आपल्या आजीच्या जपमाळेसारखंच.

कुएंच्या त्या वाक्यात एक बारकी गोष्ट आहे. ते ‘मी निरोगी आहे’ असं म्हणत नाही. ‘सुधारतोय’ असं म्हणतं. कुए स्वतः सांगायचे की इच्छाशक्ती आणि कल्पना यांची कुस्ती लागली तर कल्पना जिंकते. म्हणजे तुम्ही जोर लावून ‘मी भारी, मी भारी’ म्हणताय आणि मनातलं चित्र मात्र मेसमधल्या हसण्याचं आहे, तर ते चित्रच जिंकणार. पुढे पुस्तकं, कॅसेट, मग यूट्यूब असा प्रवास होता होता वाक्यं मोठी झाली आणि ही बारकी गोष्ट मागे राहिली.

दर 15 सेकंदांनी एक घंटी

2009 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. लोकांना 4 मिनिटं मनात येईल ते लिहायला सांगितलं. त्यातल्या काहींना दर 15 सेकंदांनी एक घंटी ऐकू यायची. घंटी वाजली की स्वतःला म्हणायचं, मी लोकांना आवडेल अशी व्यक्ती आहे. नंतर सगळ्यांचा मूड मोजला.

ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, त्यांचा मूड ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा खाली गेला. म्हणजे ज्याला औषधाची गरज नव्हती त्याला थोडं टॉनिक मिळालं आणि ज्याला गरज होती त्यालाच ते बाधलं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कमी आत्मसन्मानाच्या काही लोकांना सांगितलं की हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे खरं नाही, दोन्हीचा विचार करा. फक्त चांगल्याच बाजूचा विचार करायला लावलेल्या लोकांपेक्षा त्यांना बरं वाटलं. मनाला ‘नाही’ म्हणायची परवानगी दिली, तर मनाचं भांडण कमी झालं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की पुढे दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा नेमका तोच निकाल मिळाला नाही. त्यामुळे ‘अफर्मेशन म्हणजे विष’ असं कुणी सांगितलं तर तेही मानू नका. आपण एवढंच घेऊ की मोठं वाक्य सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, आणि उलटलं तर लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

मन सातबारा मागते

मन असं काऊन करते? सोपं करून सांगतो.

समजा तुम्ही तलाठ्याकडे गेले आणि शंभर वेळा म्हणाले, ‘ते दहा एकर वावर माझं आहे.’ वावर नावावर होईल का? तो म्हणेल, ‘भाऊ, सातबारा दाखवा.’ मन पण तलाठ्यासारखंच आहे. तुम्ही म्हणता, ‘मी यशस्वी आहे.’ मन जुनं दप्तर उघडतं. आठवीत गणितात नापास. मुलाखतीत अडखळलो. मेसमध्ये हसले. पुरावे सगळे उलट बाजूचे. दावा जेवढा मोठा, तेवढे उलटे कागद जास्त निघतात.

मग सातबारा बदलतो कसा? आधी व्यवहार होतो, मग फेरफाराची नोंद होते, मग सातबाऱ्यावर नाव चढतं. मनाचंही तसंच आहे. आधी एखादी छोटी खरी कृती. मग तिची नोंद, म्हणजे ते तुमचं वाक्य. असे बरेच फेरफार झाले की हळूहळू नाव चढतं. आपली चूक एवढीच होते की व्यवहार न करता आपण थेट नोंद करायला जातो.

मानसशास्त्रात अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये हेच मांडलं. ‘मला जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असं ते म्हणाले. पहिलं, स्वतः करून पाहिलेलं आणि जमलेलं काम. दुसरं, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं. तिसरं, कुणीतरी शब्दांनी दिलेला धीर. आणि चौथं, त्या वेळची शरीराची, मनाची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड, हाताला सुटलेला घाम आणि त्याचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात भक्कम पहिलं. अफर्मेशन बसतं तिसऱ्या खान्यात. म्हणजे त्याला जागा आहे, पण एकट्याने गाडा ओढायची ताकद त्यात नाही.

आधी झाडू, मग कीर्तन

हे ऐकून मला आपल्या मातीतला एक माणूस आठवतो. गाडगेबाबा. जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायला लागायचे. बघता बघता गावातले लोक सोबत यायचे. आणि रात्री कीर्तन. कीर्तनात पण नुसता उपदेश नाही. ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडून वदवून घ्यायचे.

जरा विचार करा, हा क्रम किती हुशारीचा आहे. दिवसभर ज्या माणसाने स्वतःच्या हाताने गल्ली साफ केली, त्याला रात्री ‘तू गाव बदलू शकतो’ हे पटवून द्यावं लागत नाही. त्याच्या हाताला अजून मातीचा वास असतो. त्याचा सातबारा तयार असतो.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. मल्लखांब शिकवताना पोराला आधी ‘मी महान मल्ल आहे’ असं कुणी घोकायला लावत नाही. आधी पकड शिकवतात. पकड जमली की पोरगं आपोआप म्हणतं, ‘अरे, आलं की!’ ते ‘आलं की’ म्हणजे जगातलं सगळ्यात खरं अफर्मेशन.

आपल्याच गावांमध्ये काय घडलं

आता थोडं गंभीर. विदर्भातलं शेतकऱ्यांचं दुःख तुम्हाला मी सांगायची गरज नाही. कुणाच्या घरात, कुणाच्या शेजारी ते घडून गेलंय. याच पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा एक कार्यक्रम चालला. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक लोकांशी बोलायचे, डिप्रेशन म्हणजे काय ते समजावायचे आणि गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवायचे. सुरुवातीला पाहणी झाली तेव्हा डिप्रेशन असलेल्या लोकांपैकी फक्त 4.3 टक्के लोक मदतीसाठी कुणाकडे तरी गेले होते. 18 महिन्यांनंतरच्या पाहणीत हा आकडा 27.2 टक्के निघाला. 2017 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात छापून आला.

याच सुमारास शेजारच्या गोव्यात आणखी एक मोठा अभ्यास झाला. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रं, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेले 495 रुग्ण. त्यातल्या अर्ध्या लोकांना नेहमीच्या उपचारासोबत 6 ते 8 भेटींचं समुपदेशन दिलं. देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. त्यांची मुख्य पद्धत काय होती? मूड चांगला व्हायची वाट न पाहता, आधी एखादं छोटं, अर्थ असलेलं काम पुन्हा सुरू करायचं. सुटलेली सकाळची फेरी, बंद झालेलं भजनी मंडळ, मैत्रिणीला फोन. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आलेले दिसले. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. तुमचं ऐकणारं एक माणूस समोर होतं. आरशात फक्त आपण असतो. गावातल्या ओट्यावर दुसरं कुणीतरी असतं आणि ते विचारतं, ‘काल ठरवलं होतं ते झालं का?’

मग वाक्य बनवायचं कसं?

आता कामाची गोष्ट. मोबाईलची नोट उघडा किंवा वही घ्या.

पहिली पायरी: आज तुम्ही नेमके कुठे आहात ते लिहा. शिव्या न देता. ‘मी बेकार आहे’ असं लिहू नका. ‘1600 मीटर धावताना शेवटच्या फेरीत माझा दम जातो’ असं लिहा. पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नाही. दुसऱ्यावर उद्या सकाळीच काम सुरू करता येतं.

दुसरी पायरी: वाक्य एकच पायरी वरचं ठेवा. ‘मी फाडफाड इंग्रजी बोलतो’ हे सोडा. ‘मी पाच वाक्यांत इंग्रजीत स्वतःची ओळख करून देऊ शकतो’ हे घ्या. वाक्य म्हणून पाहा आणि आतून ‘हॅट्’ असा आवाज आला तर समजा की वाक्य अजून मोठं आहे. आणखी छोटं करा. मन ‘हो, एवढं खरं हाय’ म्हणेपर्यंत छोटं करा.

तिसरी पायरी: ‘कारण’ जोडा. ‘मला हा धडा समजू शकतो, कारण कालचा अवघड वाटणारा धडा तिसऱ्यांदा वाचल्यावर समजला.’ हे ‘कारण’ म्हणजे तुमचा सातबारा. कारण सापडत नसेल तर आज ते तयार करायचं. म्हणजे एक छोटं काम करायचं आणि रात्री वाक्य लिहायचं.

चौथी पायरी: ‘अजून’ आणि ‘तरी’ हे दोन शब्द वापरा. ‘मला अजून स्टेजवर बोलता येत नाही, तरी मी काल पाच जणांसमोर बोललो.’ यात उणीव पण आहे आणि जमलेलं पण आहे. मनाला दोन्ही बाजू दिसल्या की ते भांडत नाही.

पाचवी पायरी: स्वतःला नावाने हाक मारा. ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 2014 मध्ये एक अभ्यास मांडला. भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलण्यापेक्षा स्वतःचं नाव घेऊन बोलणाऱ्यांना तो प्रसंग जास्त चांगला झेपला. आपल्याला यात नवीन काय? आपला दोस्त आपल्याला कसा धीर देतो? ‘अबे पक्या, घाबरतं कायले? मागच्या बारी नाही झालं का?’ तेच स्वतःला म्हणायचं. दोस्तासोबत आपण जेवढं प्रेमाने बोलतो, तेवढंच.

सहावी पायरी: वाक्याला वेळ आणि जागा बांधा. ‘मी रोज अभ्यास करीन’ हे हवेत राहतं. ‘संध्याकाळी मेसमधून आलो की पहिले दहा गणितं सोडवीन’ हे जमिनीवर येतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘जेव्हा हे होईल तेव्हा मी ते करीन’ छाप ठरावांवर बरंच काम केलंय. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पार पडतात.

एक उदाहरण सगळं जोडून देतो. समजा दर्यापूरकडची एक मुलगी अमरावतीला शिकायला आलीय. वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते. रीलचं वाक्य: ‘मी निर्भय आहे.’ तिचं स्वतःचं वाक्य: ‘ताई, तुले अजून भेव लागते, तरी सोमवारी तू मॅडमले तास संपल्यावर एक शंका विचारली. उद्या तास चालू असताना एक विचार.’ बघा, यात भीती नाकारलेली नाही. पुरावा आहे. आणि उद्याचं काम आहे.

वाक्य आपल्या बोलीत का?

तुमच्या लक्षात आलं असेल, मी उदाहरण वऱ्हाडीत दिलं. मुद्दाम. लहानपणी पडलो तेव्हा मायने ‘काही नाही झालं रे राजा, ऊठ’ असं ज्या बोलीत म्हटलं, त्या बोलीतला धीर आत पोचतो. पुस्तकी मराठीतलं ‘मी परिपूर्ण आणि सक्षम आहे’ हे वाक्य कुणीतरी सूचनाफलक वाचल्यासारखं वाटतं.

आणि आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचा आत्मसन्मान बोलीवरूनच पहिल्यांदा दुखावला गेला. मग आपण बोली लपवायला लागलो आणि बोलीसोबत स्वतःलाही. पण उद्धव शेळकेंची ‘धग’ ही कादंबरी 1960 मध्ये आली ती वऱ्हाडी बोली घेऊन, आणि आज ती मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांमध्ये गणली जाते. अकोल्याच्या डॉ. विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी कविता महाराष्ट्रभर पोचवली. टीव्हीवर भारत गणेशपुरे वऱ्हाडीत बोलायला लागले की अख्खा महाराष्ट्र कान देतो. प्रमाण मराठी शिका, इंग्रजी पण शिका, कामाला येतात. पण ‘मले’ म्हणणं ही चूक नाही. ते तुमच्या घराचं नाव आहे.

क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये जो सिद्धांत मांडला, तो इथे बसतो. त्याचं म्हणणं असं की एका बाजूने स्वतःच्या किमतीला धक्का बसला की माणूस आयुष्यातल्या दुसऱ्या महत्त्वाच्या गोष्टीची आठवण करून स्वतःला सावरू शकतो. यावरून जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत सातवीच्या मुलांना सुमारे 15 मिनिटांचं एक लिखाण दिलं. घर, मैत्री, कला यांपैकी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का, एवढंच लिहायचं. 2006 मध्ये निकाल छापला. कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले आणि गोऱ्या मुलांशी असलेलं त्यांचं गुणांचं अंतर सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालं. पुढे मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला, म्हणजे ही जादू नव्हे. पण त्या मुलांनी ‘मी भारी आहे’ असं कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांनी ‘मला काय महत्त्वाचं वाटतं’ ते लिहिलं.

तुम्ही पण लिहून पाहा. ‘टेस्टमध्ये रँक घसरला. तरी घरी गेलो की आजीला गोळ्या वेळेवर देणारा मीच आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.’ हे वाक्य रँक वाढवत नाही. पण रँक म्हणजे मी नव्हे, एवढं नक्की आठवून देते.

जिथे वाक्य पुरत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. कापसाला भाव मिळाला नाही, भरती लांबली, हजारो अर्ज आणि थोड्या जागा, ही कारणं तुमच्या विचारांमुळे तयार झालेली नाहीत. ‘तू पॉझिटिव्ह विचार करत नाही म्हणून अपयशी’ असं कुणी म्हणत असेल तर ते तुमच्या खांद्यावर दुसऱ्याचं ओझं टाकतंय. अफर्मेशन भाव वाढवत नाही. उद्या सकाळी पुन्हा उठायला थोडा आधार देतं, बस.

आणि दोन आठवडे सतत मन उदास राहत असेल, झोप-भूक उडाली असेल, आवडत्या गोष्टीत रस उरला नसेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर आरसा आणि चिठ्ठी बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. 14416 हा टेली-मानसचा नंबर सेव्ह करून ठेवा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, 24 तास आहे, मराठीत बोलता येतं. ताप आला तर दवाखान्यात जातो ना? तसंच. दोस्त असं काही बोलला तर ‘काही नाही होत बे’ म्हणून उडवू नका. त्याच्यासोबत बसा आणि नंबर लावून द्या.

सात दिवसांचा गृहपाठ

जास्त काही नाही. सात दिवस, रोज रात्री दोन ओळी. पहिली ओळ: आज मी केलेलं एक खरं, छोटं काम. दुसरी ओळ: त्यावरून उद्यासाठी एक वाक्य, तुमच्या बोलीत, तुमच्या नावाने. एखाद्या दिवशी लिहायला काहीच नसेल तर लिहा, ‘आज काही जमलं नाही, तरी वही उघडली.’ ते पण खरं आहे.

मी माझं पहिलं असं वाक्य कधी लिहिलं माहीत आहे? पुण्यात तिसऱ्या महिन्यात. एका तासाला शेवटी हात वर केला आणि गडबडीत तोंडातून निघालं, ‘सर, मले हे नाही समजलं.’ मागून एक जण हसला. सर म्हणाले, ‘बरं झालं विचारलंस,’ आणि फळ्यावर पुन्हा समजावलं. मधल्या बाकावरच्या दोघांनी पण तेव्हाच वहीत उतरवून घेतलं. रात्री वहीत लिहिलं: ‘हसले, तरी विचारलं. उद्या पण विचारता येते.’

ती वही अजून आहे माझ्याकडे. आरशावरची चिठ्ठी कुठे गेली, आठवत पण नाही.

तुमची दुसरी ओळ काय झाली ते व्हॉइस नोटवर पाठवा, वऱ्हाडीत पाठवली तर जास्त आनंद. हा एपिसोड अशा एका मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा, जी सध्या गप्प गप्प असते. पुढच्या वेळी भेटू. तोवर काळजी घ्या, उन्हाचं पाणी पीत राहा. रामराम मंडळी!